रोजगार हमीचे पागे

शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. १९७५ मध्ये हा कर बसविण्यात आला तो खेड्यापाड्यांतील मजुरांना काम देण्यासाठी निधी उभा राहावा म्हणून, याचे स्मरण फार थोड्यांना असते. ज्यांच्या कल्पनेपायी हा खटाटोप झाला, त्या वि. स. पागे यांचे नावही शहरी महाराष्ट्र जवळपास विसरला आहे.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका ही त्यांची कर्मभूमी. गांधीविचारांनी भारावून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. सभापतीने वादात पडायचे नसते. पागे यांनी हे पथ्य पाळले. पण आपल्या तालुक्यातला पावसावर जगणारा, पेरणी-कापणी संपली की हात रिकामे होणारा शेतमजूर त्यांच्या नजरेसमोरून हलला नाही.

१९६५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे आपली कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा प्रयोग सुरू झाला. दुष्काळी कामे तोवरही निघत असत. परंतु ती सरकारच्या मर्जीवर. दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाही तर स्थलांतर. पागे यांचा आग्रह निराळा होता. काम मागणे हा मजुराचा हक्क असावा आणि त्या कामातून बांधबंदिस्ती, तलाव, विहिरी अशी गावाच्या कायम उपयोगाची मालमत्ता उभी राहावी.

१९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि लगोलग भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. खडी फोडणाऱ्या त्या हातांत निम्म्याच्या आसपास हात स्त्रियांचे होते. दुष्काळ सरला तरी कामाची मागणी ओसरली नाही. मजुरांचे मोर्चे निघाले, डावे आणि समाजवादी पक्ष योजनेच्या मागे उभे राहिले. अखेर १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने संमत केला. वरिष्ठ सभागृहाच्या सभापतिपदी तेव्हा पागेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला: मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता.

पुढे हजेरीपटावरील खोटी नावे, अर्धवट रस्ते, थकलेली मजुरी हे सारे झाले. भत्ता तर फार क्वचित कोणाच्या हाती पडला. तरीही मजूर तहसीलदाराच्या दारी अर्ज घेऊन जाऊ लागला, आणि ती कृपेची याचना नव्हती.

मार्च १९९० मध्ये पागे यांचे निधन झाले. त्याच वर्षी शासनाने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली आणि कोरडवाहू माळांवर आंबा, बोर, डाळिंब उभे राहू लागले. केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो २००५ साली, विसापूरच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी.