गिलच्या कॅमेऱ्याला सोनेरी ऊन दिसायचंच नाही!

दुपार कलली, उन्हं तिरपी झाली की फोटोग्राफीवाल्यांची धावपळ सुरू होते. गोल्डन अवर! या उन्हात साधी नीलगाय उभी राहिली तरी तिच्या अंगावरचा केस न् केस उजळतो. जंगलात वाघ दिसला तर मग विचारूच नका.

पण दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या रानात एक माणूस कॅमेरा घेऊन फिरायचा आणि त्याच्या कॅमेऱ्याला हे सोनेरी ऊन जवळपास दिसायचंच नाही. तो माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. हो, तोच. ‘अजिंठा’ सिनेमातला, पारोचा गिल.

गिल १८०४ साली लंडनमध्ये जन्मला. ऐन तारुण्यात मद्रासच्या फौजेत दाखल झाला. चित्रकलेत हात चांगला, म्हणून १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला एक वेगळंच काम दिलं. अजिंठ्याच्या लेण्यांमधली चित्रं कॅनव्हासवर हुबेहूब उतरवायची. जळगावपासून फार लांब नसलेल्या अजिंठा गावात तो राहायला आला आणि पुढची जवळपास १९ वर्षं हेच करत राहिला. अंधाऱ्या गुहा, वटवाघळं, ताप आणि बाहेर घनदाट जंगल. १८५६ च्या मे महिन्यात पारो गेली. अजिंठ्यात तिची कबर आजही आहे.

त्याच सुमारास त्याच्या हातात कॅमेरा आला. त्या काळचं तंत्र ऐकलं तर आपण मोबाइलला नमस्कार करू. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन पसरायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. म्हणजे अंधारा तंबू सोबतच न्यायचा! आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती काच किती पटकन सुकत असेल, विचार करा. एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. तोवर कुठलं जनावर थांबणार?

दुसरी गंमत म्हणजे या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. पिवळा, केशरी, लाल तिच्या लेखी अंधारच. म्हणजे आपण ज्या उन्हासाठी जीव टाकतो, ते तिच्यासाठी बिनकामाचं. वाघाचा केशरी रंगही तिच्यावर काळपटच उमटणार.

मग गिलने रानातल्या जनावरांचे फोटो काढले कसे? इथे गोष्ट जरा टोचते. तो पट्टीचा शिकारी होता. त्याने दीडशेच्या आसपास वाघ मारले असं सांगतात. मेलेलं जनावर हलत नाही. त्यामुळे आधी बंदूक, मग कॅमेरा. १८६४ मध्ये त्याच्या १०० स्टिरिओ फोटोंचं पुस्तक लंडनमध्ये निघालं, त्यात देवळं-लेण्यांसोबत रानातली जनावरंही होती. स्टिरिओ म्हणजे शेजारीशेजारी दोन फोटो. खास भिंगातून बघितले की थ्रीडी दिसतात.

त्याच काळात त्याची चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी चित्रं जळाली. १९ वर्षांची मेहनत एका झटक्यात राख! आपली एक फाइल करप्ट झाली तरी आपण दोन दिवस जेवत नाही. गिल तेव्हा साठी ओलांडलेला. त्याने पुन्हा साहित्य मागवलं आणि पुन्हा लेण्यांत जाऊन बसला. फोटो मात्र पुस्तकांत छापलेले होते, ते वाचले.

एप्रिल १८७९ मध्ये तो आजारी पडला. त्याला भुसावळकडे नेत होते, पण वाटेतच तो गेला. भुसावळमध्येच त्याला पुरलं.

ज्या माणसाने भिंतीवरची चित्रं वाचवायला आयुष्य घातलं, त्यानेच बाहेरचं रान रिकामं करायला हातभार लावला. त्याला व्हिलन ठरवणं सोपं आहे, हिरो ठरवणंही. खरं तर तो दोन्ही होता.

आपल्या हातात मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो टिपणारा कॅमेरा आहे. त्याला सोनेरी ऊनही दिसतं आणि समोरच्या जनावराला मरावंही लागत नाही. फक्त एका फोटोच्या नादात त्याच्या फार जवळ गेलो नाही, म्हणजे झालं.