दुष्काळातील लेकरांची माय : पंडिता रमाबाई

वादळ असो वा अवर्षण, आपत्ती ओसरल्यावर खरा प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्या लेकरांचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीनेही हा प्रश्न अनुभवला. त्याआधी तीन वर्षे, सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रांतात, पंडिता रमाबाईंनी त्याला जे उत्तर दिले ते आम्ही येथे सांगू इच्छितो.

रमाबाई काही कॅथलिक नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्या पंथाच्या वडीलधाऱ्यांशीही त्यांनी निर्भीडपणे वाद घातले. तरी महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला त्या परक्या वाटत नाहीत.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबाला १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही. भाऊ श्रीनिवास आणि रमा उपाशीपोटी देशभर पायी हिंडले. कलकत्त्यात त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. लवकरच भाऊ वारला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पतीही पटकीने गेले. हाती राहिली तान्ही मनोरमा.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाल्याचा गवगवा झाला तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची अस्वस्थता आम्हांस अनाकलनीय वाटत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदत-छावण्यांत त्यांनी केवळ हाडांचे सापळे पाहिले नाहीत. निराधार मुलींवर टपून बसलेली माणसेही पाहिली. भुकेइतकेच हे भय मोठे होते. म्हणून धान्य वाटून परतणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी मुलींना तुकड्यातुकड्यांनी सोबत आणले. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. सदनाच्या खर्चासाठी केडगावला फळबाग करण्याकरिता जी जमीन घेतलेली होती, तिच्यावरच तंबू ठोकले गेले. पावसात, चिखलात मुक्ती सदनाचा संसार असा मांडला गेला.

१९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. एवढ्या जणींना नुसते जेवू घालणे म्हणजे त्यांना पुन्हा परावलंबी करणे, हे रमाबाई ओळखून होत्या. शेती, विणकाम, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना, अध्यापन, शुश्रूषा, असे ज्या मुलीला जे जमेल ते शिकविले गेले. अंध मुलींसाठी मनोरमाने ब्रेल लिपी आणली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. त्या काळी अशा स्त्रीला दार उघडणारी घरे किती होती, याचा वाचकांनीच विचार करावा.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला. ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले.