हजारानंतरचे करकोचे



६ ऑगस्टला आपण प्रभूच्या रूपांतराचा सण साजरा करतो. १९४५ साली याच दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता जपानमधील हिरोशिमा शहरावर अणुबॉम्ब पडला. सादाको सासाकी तेव्हा अडीच वर्षांची होती.

तिचा जन्म ७ जानेवारी १९४३ रोजी हिरोशिमात झाला. बॉम्ब पडला तिथून त्यांचे घर दोन किलोमीटरही दूर नव्हते. आई तिला व तिच्या थोरल्या भावाला घेऊन बाहेर धावली. वाटेत त्यांच्या अंगावर काळा पाऊस पडला. आजी घराकडे परत गेली, ती पुन्हा दिसली नाही. सादाकोला मात्र साधी जखमही झाली नाही.

पुढे ती इतर मुलांसारखीच वाढली. धावण्यात ती चपळ होती, शाळेच्या रिले शर्यतीत पळायची. १९५४ च्या अखेरीस तिच्या मानेवर गाठी आल्या, मग पायांवर जांभळे डाग उठले. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला रेडक्रॉसच्या इस्पितळात दाखल केले. तो रक्ताचा कर्करोग होता.

त्या ऑगस्टमध्ये नागोया शहरातून रुग्णांसाठी कागदी करकोच्यांच्या माळा आल्या. हजार करकोचे घडवणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, अशी जपानी लोकांची जुनी समजूत आहे. सादाकोने घड्या घालायला सुरुवात केली. या कामाला कात्री लागत नाही, डिंक लागत नाही. चौकोनी कागद दुमडत दुमडत लहान करायचा, एका टोकाची मान व दुसऱ्याची शेपटी करायची आणि शेवटी दोन्ही पंख उघडायचे. कागद मिळणे मात्र सोपे नव्हते. आपल्याकडे पूर्वी दवाखान्यात कागदाच्या पुडीत औषध मिळत असे, तसे तिथेही मिळे. ते कागद ती जपून ठेवी. शेजारच्या रुग्णांकडे जाऊन भेटवस्तूंवरचे कागद मागून आणी. पुढे तिचे करकोचे इतके लहान झाले की घड्या सुईच्या टोकाने घालाव्या लागत.

तिचे ६४४ च करकोचे झाले, असे एका गाजलेल्या पुस्तकात आहे. पण हजार पूर्ण झाले होते, असे तिच्या भावाने पुढे सांगितले. हजार झाले, तरी आजार हटला नाही. तरीही ती थांबली नाही, पुढचा कागद घेऊन पुन्हा घडवू लागली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, तिने देह ठेवला.

तिच्या वर्गमित्रांनी वर्गणीची मोहीम सुरू केली. देशभरातील शाळांनी हातभार लावला. ५ मे १९५८ रोजी हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. डोक्यावर करकोचा धरलेली मुलगी त्याच्या माथ्यावर उभी आहे. जगभरातील मुले तिथे करकोचे पाठवतात. ज्या पर्ल हार्बरवर जपानने १९४१ साली हल्ला केला, तिथेही सादाकोचा एक करकोचा तिच्या कुटुंबीयांनी दिला. २०१३ साली तो तिथे लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आला.

आपणही कधी देवाशी सौदा करतो. इतक्या प्रार्थना केल्या, मग माझे मागणे का ऐकले नाही, असे विचारतो. सादाकोचे मागणे पूर्ण झाले नाही, पण तिचे हात थांबले नाहीत. पिंपळगाव राजातील आपली मुले पावसाळ्यात वहीच्या कागदाच्या होड्या करतात. त्यांना एक करकोचाही शिकवा, आणि शेजारी कोणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी तो ठेवून या.