रॉबर्ट वायल्डर
रॉबर्ट पार्मेली वायल्डर (जन्म : कोल्हापूर, इ.स. १८६३, मृत्यू : नॉर्वे, इ.स. १९३८) हे अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी व विद्यार्थी चळवळीचे संघटक होते. परदेशी मिशनकार्यासाठी महाविद्यालयीन तरुणांना एकत्र आणणाऱ्या 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' या चळवळीच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना भारतातील कार्य सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ ब्रिटन, युरोप व अमेरिकेतील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात घालवला.

कौटुंबिक पार्श्वभूमी

रॉबर्ट यांचे वडील रॉयल गूल्ड वायल्डर इ.स. १८४६मध्ये अमेरिकन बोर्डातर्फे भारतात आले. काही वर्षे अहमदनगर येथे काम केल्यानंतर इ.स. १८५२मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात मिशनकार्य सुरू केले. मिशनने शाळांवर किती भर द्यावा, या प्रश्नावरून त्यांचे बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. बोर्डाचा पाठिंबा सुटल्यावरही त्यांनी कोल्हापुरातील काम स्वतंत्रपणे चालू ठेवले. पुढे इ.स. १८७०मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या स्मरणार्थ ओळखले जाते.

शिक्षण आणि माउंट हर्मन

रॉबर्ट यांचे बालपण कोल्हापुरात गेले. इ.स. १८७०च्या दशकात वायल्डर कुटुंब अमेरिकेला परतून प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. प्रिन्स्टन कॉलेजात शिकत असताना रॉबर्ट यांनी सहाध्यायांसह इ.स. १८८३मध्ये एक मिशनरी मंडळ स्थापन केले. त्याच्या सभा वायल्डर यांच्या घरी भरत. थोरली बहीण ग्रेस हिचा या कामात मोठा वाटा होता. अमेरिकेतील महाविद्यालयांतून मिशनकार्यासाठी विद्यार्थी पुढे यावेत, यासाठी ही भावंडे नियमित प्रार्थना करीत. ग्रेस पुढे आईसह मिशनकार्यासाठी भारतात परतली.

इ.स. १८८६च्या उन्हाळ्यात धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे महिनाभर चाललेले विद्यार्थी शिबिर भरले. त्यात २५१ विद्यार्थी सहभागी झाले होते. परमेश्वराची इच्छा असल्यास परदेशी मिशनरी होण्याची आपली तयारी आहे, अशा आशयाच्या प्रतिज्ञेवर शिबिर संपेपर्यंत १०० जणांनी सह्या केल्या. कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन मॉट त्यांपैकी एक होते. मॉट यांना इ.स. १९४६चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिबिरानंतर वायल्डर आणि लाहोरच्या मिशनऱ्याचे पुत्र जॉन फोरमन यांनी वर्षभर अमेरिका व कॅनडातील महाविद्यालयांचा दौरा केला. त्यातून दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी प्रतिज्ञा घेतली. पुढे अरबस्तानात कार्य केलेले सॅम्युएल झ्वेमर त्यांच्यापैकीच होत. इ.स. १८८८मध्ये मॉट यांच्या अध्यक्षतेखाली चळवळीला औपचारिक संघटनेचे रूप मिळाले. चालू पिढीच्या हयातीतच शुभवर्तमान साऱ्या जगात पोहोचवणे, हे तिचे ध्येय होते.

भारतातील कार्य

न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतील शिक्षण पूर्ण करून वायल्डर ब्रिटनमार्गे भारताकडे निघाले. ब्रिटनमधील विद्यापीठांना त्यांनी दिलेल्या भेटींमुळे तेथेही इ.स. १८९२मध्ये अशीच विद्यार्थी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी हेलेन ऑल्सन या नॉर्वेजियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला व वर्षअखेरीस हे दांपत्य भारतात आले.

वडिलांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने कोल्हापुरातील शाळा व खेडी हे होते. रॉबर्ट यांनी मात्र इंग्रजी शिक्षण घेणाऱ्या तरुणांकडे लक्ष दिले. त्यांनी प्रथम कलकत्ता व नंतर पुणे येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये काम केले. व्यक्तिगत भेटी, चर्चा आणि पवित्र शास्त्राचे वर्ग ही त्यांची पद्धत होती. सुशिक्षित बंगाली तरुणांमधील कार्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. प्रकृती बिघडल्याने त्यांना मध्यंतरी अमेरिकेला जावे लागले. इ.स. १८९९मध्ये ते वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालयीन सचिव म्हणून परतले, परंतु इ.स. १९०२मध्ये प्रकृतीने पुन्हा दगा दिल्यामुळे त्यांनी भारत कायमचा सोडला. हजारो तरुणांना आजन्म परदेशसेवेची प्रतिज्ञा देणाऱ्या वायल्डर यांना स्वतःच्या जन्मभूमीत एकूण दहा वर्षेही काम करता आले नाही.

विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक

नॉर्वे व स्वित्झर्लंड येथे विश्रांती घेतल्यानंतर वायल्डर यांनी ब्रिटनमधील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आणि जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाच्या कामाला वाहून घेतले. इ.स. १९१६पर्यंत ते युरोपातील विद्यापीठांतून प्रवास करीत होते. सभेतील भाषणापेक्षा नंतर एकेका विद्यार्थ्याशी होणाऱ्या संभाषणाला ते अधिक महत्त्व देत.

इ.स. १९१९ ते १९२७ या काळात ते अमेरिकेतील मूळ चळवळीचे सरचिटणीस होते. हा काळ त्यांच्यासाठी कसोटीचा ठरला. पहिल्या महायुद्धानंतरचे विद्यार्थी वंशभेद, युद्ध आणि औद्योगिक अन्याय यांविषयी प्रश्न विचारू लागले होते. ख्रिस्ती म्हणवणारी राष्ट्रेच परस्परांशी लढली असताना त्यांनी इतरांना उपदेश करावा काय, असा त्यांचा आक्षेप होता. इ.स. १९१९च्या अखेरीस डे मॉइन येथे सुरू झालेल्या अधिवेशनात हा असंतोष उघड झाला. त्यानंतर प्रतिज्ञा घेणाऱ्यांची संख्या घटत गेली. वायल्डर वैयक्तिक धर्मनिष्ठेवरील आपल्या भरावर ठाम राहिले, मात्र नव्या पिढीचा कल त्यांना बदलता आला नाही.

अखेरची वर्षे

इ.स. १९२७ ते १९३३ या काळात त्यांनी कैरो येथे निकट पूर्व ख्रिस्ती परिषदेचे सचिव म्हणून काम केले. निवृत्तीनंतर ते नॉर्वेत राहिले आणि तेथेच इ.स. १९३८मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या रूथ वायल्डर ब्रेस्टेड यांनी लिहिलेले 'इन धिस जनरेशन' हे त्यांचे चरित्र इ.स. १९४१मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा दशकांत या चळवळीतून सुमारे २०,००० विद्यार्थी परदेशी मिशनकार्यासाठी गेल्याचे मानले जाते.