लाट मोजणारा इंजिनिअर

माझे वडील खाणीवर दगड फोडतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणूनच ‘ट्रेझर आयलंड’च्या लेखकापेक्षा मला त्याचे वडील, थॉमस स्टीव्हन्सन, जवळचे वाटले. त्यांचेही आयुष्य दगडांतच गेले.

१८१८ साली एडिंबरा येथे दीपगृहे बांधणाऱ्या घराण्यात ते जन्मले. लाटेचा मारा अंदाजाने न सांगता त्यांनी यंत्राने मोजला. तरीही स्कॉटलंडमधील विक बंदरात लाटा अडवण्यासाठी १८६३ साली सुरू केलेला त्यांचा बांध टिकला नाही. १८७२च्या वादळात टोकाचा १३५० टनांचा भाग लाटांनी ढकलून दिला. त्याजागी घातलेला २६०० टनांचा ठोकळाही १८७७मध्ये गेला. लाटेची उंची दुप्पट झाली, तर उतारावरचा दगड आठपट वजनाचा लागतो, हे सूत्र विसाव्या शतकात आले. ते १८८७ सालीच वारले होते.

पण आपले अपयश त्यांनी बंदरांवरील ग्रंथात आकड्यांसह नोंदवून ठेवले. पुढच्यांना त्याचाच आधार झाला.

पहिल्या वर्षी माझा इंग्रजीचा पेपर राहिला, हे मी घरी लपवले होते. हे चरित्र वाचले, त्या रात्री वडिलांना सांगून टाकले.