जत्रेच्या राहुटीचा चित्रकार

खाद्यपदार्थांची फिरती गाडी असो वा जत्रेतील खेळाची राहुटी, तिच्या दर्शनी भागाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. आत काय मिळेल हे तर त्याने सांगायचेच. पण आपण कोणत्या वस्तीतले, आपली माणसे कोण, हेही समोरून जाणाऱ्या गर्दीला क्षणार्धात पटवून द्यायचे. असे काम सामान्यतः रंगाऱ्याचे मानले जाते, चित्रकाराचे नव्हे. १८९५ च्या वसंत ऋतूत पॅरिसच्या एका जत्रेत अशाच एका राहुटीचे तोंड ज्याने रंगवले, तो मात्र फ्रान्समधील एका पुरातन सरदार घराण्याचा वारस होता आणि युरोपच्या कलेतिहासात त्याचे स्थान पुढे अढळ ठरणार होते. आंरी द तुलूझ-लोत्रेक हे त्याचे नाव. पॅरिसच्या मोंमार्त्र या वस्तीला जगाच्या डोळ्यांत जो चेहरा मिळाला, तो बव्हंशी या एका माणसाने जाहिरातींमधून घडविला.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील आल्बी या गावी लोत्रेकचा जन्म झाला. वडील काउंट आल्फाँस हे शिकार आणि घोडे यांत रमणारे, लहरी स्वभावाचे गृहस्थ. आई आदेल धर्मनिष्ठ आणि सोशिक. दोघे सख्खी मावसभावंडे होती. रक्तातील नात्यात झालेल्या या विवाहाचे फळ मुलाच्या हाडांना भोगावे लागले, असे पुढील काळातील वैद्यकाने मानले. १८७८ मध्ये खुर्चीवरून उठताना पडल्याचे निमित्त होऊन त्याची एक मांडी मोडली, पुढच्याच वर्षी दुसरी. त्यानंतर पायांची वाढ खुंटली. धड प्रौढ पुरुषाचे आणि पाय बालकाचे अशा शरीरानिशी, जेमतेम दीड मीटर उंचीवर तो थांबला. घोड्यावर मांड टाकण्याचे घराण्याचे स्वप्न संपले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या घोड्यांची चित्रे काढण्याचा छंद हेच त्याचे जीवन बनले.

१८८२ मध्ये तो पॅरिसला आला आणि प्रथम लेओं बोना व नंतर फेर्नाँ कोर्मों या प्रतिष्ठित चित्रकारांच्या कार्यशाळांत त्याने रीतसर शिक्षण घेतले. कोर्मोंची कार्यशाळा मोंमार्त्रमध्ये होती. शिक्षण संपले तरी लोत्रेकने ती वस्ती सोडली नाही. रस्त्यात ज्याच्याकडे वळून पाहिले जाई, अशा या माणसाला तिथे कोणी वेगळे मानले नाही. कसरतपटू, नर्तकी, धोबिणी, दारुडे, गायक आणि वेश्या यांच्या त्या जगात प्रत्येकजणच या ना त्या अर्थाने चारचौघांपेक्षा निराळा होता.

मोंमार्त्रची ओळख मुळात एका खाद्यपदार्थाशी आणि एका कराशी निगडित होती. पॅरिसच्या उत्तरेकडील ही टेकडी १८६० पर्यंत शहराच्या हद्दीबाहेर होती. शहरात येणाऱ्या मद्यावर जकात बसत असे. टेकडीवर ती नसल्याने तेथील मद्य स्वस्त पडे आणि पॅरिसकर तिथे लोटत. टेकडीवर पवनचक्क्या होत्या. त्यांतील एका गिरणीचे मालक पीठ दळता दळता गालेत नावाची भाकरी भाजून विकू लागले आणि कालांतराने तिथे नाचगाण्याचे अंगणही झाले. गिरणीला मूलँ द ला गालेत, म्हणजे भाकरीची गिरणी, हेच नाव चिकटले. पुढे टेकडी शहरात विलीन झाली, जकातीचा लाभ गेला, बऱ्याच पवनचक्क्या पडल्या. परंतु करमणुकीची वस्ती म्हणून झालेला लौकिक टिकला.

या लौकिकाचे व्यापारी मोल ओळखले ते जोझेफ ओलेर आणि शार्ल झिडलेर या दोघांनी. ऑक्टोबर १८८९ मध्ये, आयफेल मनोऱ्याच्या वर्षी, त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी मूलँ रूझ हे नृत्यगृह उघडले आणि त्याच्या दर्शनी बाजूस लाल रंगाची एक पवनचक्की उभारली. या चक्कीत धान्याचा एक दाणाही कधी दळला गेला नाही. ती निव्वळ जाहिरात होती. वस्तीच्या जुन्या कष्टांची खूण उचलून तिचे रंजनासाठी केलेले रूपांतर होते. या नृत्यगृहाच्या प्रवेशदालनात मालकांनी लोत्रेकचे सर्कशीचे एक मोठे चित्र लावले होते, आणि १८९१ मध्ये भित्तिपत्रक करण्याचे काम त्यांनी त्याच्याकडेच सोपविले.

भित्तिपत्रकांना तेव्हा सुगीचे दिवस होते. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये छापील मजकूर आणि पत्रके लावण्यावरील जुनी बंधने दूर झाली होती. पॅरिसच्या भिंती रंगीत कागदांनी भरून गेल्या होत्या. या क्षेत्राचा सम्राट होता झ्यूल शेरे. मूलँ रूझच्या उद्घाटनाचे पत्रक त्याचेच होते. शेरेची पत्रके मोहक असत, पण त्यांतील हसरी, तरंगती तरुणी दिव्याच्या तेलासाठी असो वा नाट्यगृहासाठी, एकाच साच्यातील असे. ती कोणत्याच गल्लीत राहत नव्हती.

लोत्रेकने नेमके याच्या उलट केले. त्याच्या पत्रकाच्या मध्यभागी ला गुल्यू होती. लुईझ वेबेर हे तिचे खरे नाव. पाहुण्यांचे पेले रिते करण्याच्या सवयीमुळे तिला खादाड या अर्थाचे हे टोपणनाव पडले होते. तिच्यापुढे, प्रेक्षकाच्या अगदी निकट, तिचा सडसडीत जोडीदार वालांतँ राखाडी छायेत उभा होता. मागे उंच टोप्यांच्या प्रेक्षकांची काळी रांग, दिव्यांचे पिवळे गोळे आणि स्थळाचे नाव तीनदा. पण तिन्ही वेळा मिळून आद्याक्षर एकच, भलेमोठे. जपानी ठशांच्या चित्रांतून त्याने सपाट रंग आणि धाडसी काटछाट उचलली होती. शिळाछपाईत दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. लोत्रेक ब्रशाने शाईचे तुषार उडवून दगडावर धुळीसारखी छटा आणी. जवळजवळ दोन मीटर उंचीचे हे पत्रक तीन कागद जोडून सिद्ध होई. त्याच्या सुमारे तीन हजार प्रती निघाल्या आणि १८९१ च्या अखेरीस त्या पॅरिसभर झळकल्या. एका छोट्या गाडीवर चढवूनही हे पत्रक शहरातून फिरविले जाई. फ्राँसिस झुर्दँ या कलावंताने पुढे आठवणीत नोंदविले, की गाडीवरील त्या चित्राने भारून तो पदपथावरून तिच्या सोबत चालत राहिला होता. सत्ताविसाव्या वर्षी लोत्रेक एका रात्रीत प्रसिद्ध झाला.

यानंतरच्या दशकात त्याने सुमारे तीस भित्तिपत्रके केली. गायक आरिस्तीद ब्रुआँ याचा काळा झगा, लाल गळपट्टा आणि रुंद टोपी लोत्रेकने अशा काही ठसक्याने रेखाटली, की केवळ पाठमोरी आकृती पाहूनही लोक त्याला ओळखू लागले. ब्रुआँ मोंमार्त्रच्या गल्लीतील भाषेत गाई. शहराच्या मध्यभागातील एका उच्चभ्रू कॅफेच्या व्यवस्थापकाला हे पत्रक ओबडधोबड वाटले; तेव्हा ते लावल्याशिवाय आपण रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, असे ब्रुआँने त्याला बजावले आणि पत्रक लागले. इव्हेत गिल्बेर या गायिकेने मात्र आपले रूप फार कुरूप दिसते म्हणून लोत्रेकचा एक आराखडा नाकारला. जान आव्रिल ही नर्तकी त्याच्याकडे स्वतःहून आली. लोत्रेक कोणालाही सुंदर करीत नसे. तो त्यांना दुसऱ्या कोणाशी गल्लत होणार नाही असे करी. चांगल्या पाटीचे मर्म हेच असते, हे त्याला उमगले होते.

घराण्याला हे सारे लांच्छनास्पद वाटे. सरदारांचे नाव भिंतीवर, तेही नर्तकीच्या पायांशी! आरंभीच्या काळात आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून तो चित्रांवर टोपणनावाने सही करीत असे, ते याच दडपणामुळे. १८९५ मध्ये त्याच्या चुलत्याने आल्बी येथे त्याची काही चित्रे जाळली. आणि त्याच वर्षी राहुटी रंगविण्याचे काम त्याच्याकडे आले.

ला गुल्यूने मूलँ रूझ सोडले होते. तिशीकडे झुकलेल्या, शरीराने सुटलेल्या या नर्तकीने स्वतःचा व्यवसाय करण्याचे ठरविले आणि पॅरिसच्या पूर्व भागात भरणाऱ्या त्रोनच्या जत्रेत जागा घेतली. मध आणि मसाल्यांच्या केकची जत्रा म्हणून ही जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाई. खाऊची दुकाने, पाळणे आणि खेळ यांच्या गर्दीत प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला तिची राहुटी होती. आत ती पौर्वात्य धाटणीचे नृत्य करून दाखविणार होती. ६ एप्रिल १८९५ रोजी तिने लोत्रेकला पत्र लिहून राहुटीसाठी काहीतरी रंगवून देण्याची विनंती केली. त्याने ती तत्काळ मान्य केली.

दाराच्या दोन्ही बाजूंना लावण्यासाठी त्याने जवळपास तीन मीटर लांबी-रुंदीची दोन कापडे रंगविली. डाव्या कापडावर मूलँ रूझमधील ला गुल्यू होती, वालांतँसह, ऐन भरातली. उजव्या कापडावर आजची ला गुल्यू, नव्या वेषात, नवे नृत्य करणारी. ही उजवी बाजू पाहण्यासाठी पुढे पाठमोऱ्या प्रेक्षकांची गर्दी होती, आणि ती गर्दी कल्पित नव्हती. त्यात जान आव्रिल होती. आदल्या वर्षी अराजकवाद्यांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेला समीक्षक फेलिक्स फेनेओं होता. त्याच एप्रिलमध्ये लंडनला अटक झालेला ऑस्कर वाइल्ड होता. आणि खाली एका कोपऱ्यात टोपी घातलेला बुटका लोत्रेक स्वतः होता.

जाहिरात म्हणून ही रचना अचूक होती. जुने नाव डावीकडे, नवा माल उजवीकडे आणि मधोमध दार. जत्रेतल्या माणसाला टेकडीवर जाण्याची गरज नव्हती. टेकडीच त्याच्यापुढे येऊन ठाकली होती. तथापि या दोन चित्रांत एक कटू सत्यही दडलेले होते. राहुटीला गिऱ्हाईक मिळायचे ते ला गुल्यू ज्या जागेतून बाहेर पडली होती, त्या जागेच्या नावावर. वस्तीची ओळख तिने घडविली होती, पण ती ओळख तिच्या मालकीची नव्हती. लाल पवनचक्की मालकांची होती. हिच्यापाशी केवळ रंगवलेले कापड होते. समाजाने झिडकारलेल्या दोन माणसांना प्रेक्षकांत मानाची जागा देऊन लोत्रेकने त्या कापडाला आणखी एक अर्थ दिला: ही वस्ती कोणाची, याचे उत्तर त्याने राहुटीच्या तोंडावरच लिहून ठेवले.

लोत्रेकला स्वतःला खाण्या-खिलवण्याचा विलक्षण शौक होता. तो उत्तम स्वयंपाक करी, मित्रांना जेवायला बोलावी आणि भोजनाच्या पत्रिका स्वतः चितारी. त्याच १८९५ सालच्या फेब्रुवारीत एका श्रीमंत स्नेह्याच्या घरच्या मेजवानीत डोक्याचे मुंडन करून, पांढरा अंगरखा घालून तो रात्रभर मद्याची मिश्रणे बनवून वाढत होता. त्याचा बालमित्र मोरिस झ्वायाँ याने त्याच्या पाककृतींचे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध केले. दुर्दैवाने हे आतिथ्यच त्याला भोवले. मद्य आणि गुप्तरोग यांनी शरीर पोखरले होते. १८९९ मध्ये त्याला मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहात ठेवण्यात आले. तिथे केवळ स्मरणावर विसंबून त्याने सर्कशीची रेखाचित्रे काढली, आपली बुद्धी शाबूत असल्याचा तो पुरावा ठरला आणि त्याची सुटका झाली. पण दोनच वर्षांनी, ९ सप्टेंबर १९०१ रोजी, मालरोमे येथील आईच्या वाड्यात छत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. आई आणि झ्वायाँ यांच्या प्रयत्नांनी १९२२ मध्ये आल्बी येथे त्याच्या चित्रांचे संग्रहालय उभे राहिले. ज्या गावात त्याची चित्रे जाळली गेली, ते गाव आता त्यांच्यासाठी ओळखले जाते.

राहुटीचे पुढे काय झाले? ला गुल्यूचा धंदा फार काळ चालला नाही. काही वर्षे ती हिंस्र प्राण्यांचे खेळ करीत जत्रांतून हिंडली. उतारवयात ती शहराच्या वेशीबाहेर एका फिरत्या घरगाडीत राहत असे आणि मूलँ रूझच्या परिसरातच भुईमुगाच्या शेंगा, सिगारेटी व काड्यापेट्या विकत असे. आत जाणाऱ्या गर्दीतील फारच थोड्यांना ती ओळखू येई. भिंतीवरची तिची तरुण प्रतिमा मात्र सर्वांना ठाऊक होती. १९२९ मध्ये ती वारली.

कापडांची कथाही अशीच. हातोहाती फिरत ती एका चित्रविक्रेत्याकडे पोहोचली. १९२६ च्या सुमारास त्याने त्यांचे तुकडे केले, कारण एका राहुटीच्या तोंडापेक्षा अनेक छोटी चित्रे विकणे अधिक किफायतशीर होते. अखेर फ्रेंच शासनाने हे तुकडे मिळविले, आणि कापडे पुन्हा सांधण्यात आली. आज ती पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. सांधे निरखून पाहिल्यास दिसतात. ऊन, धूळ आणि जत्रेचा धूर सोसण्यासाठी रंगविलेले हे जाडेभरडे कापड काचमहालात राहण्यासाठी नव्हतेच. ते टिकले याचे श्रेय लोत्रेकच्या वृत्तीला द्यावे लागेल. सलोंच्या भिंतीसाठी चित्र काढताना जितका प्रामाणिकपणा लागतो, तितकाच शेंगा विकणारीच्या गाडीसाठीही लागतो, असे मानून त्याने ब्रश उचलला होता.