वॉल्ट डिस्ने याचें कसोटीचें वर्ष

वॉल्ट डिस्ने याचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं झाला. १९२३ सालीं हॉलिवुडास येऊन त्यानें वडील बंधु रॉय याच्यासह हलत्या चित्रांचा धंदा मांडिला. १९२७ मध्यें त्याचा ऑस्वाल्ड नांवाचा ससा लोकप्रिय झाला. परंतु करारान्वयें त्याची मालकी युनिव्हर्सल कंपनीची होती. १९२८ च्या आरंभीं डिस्ने वाढीव मोबदला मागण्यास न्यूयॉर्कास गेला, तों मध्यस्थ चार्ल्स मिंट्झ यानें उलट रक्कम कमी करण्याची अट घातली व बहुतेक चित्रकारहि फोडिले. डिस्नेनें अट नाकारिली. ससा गेला, सोबती गेले. अब आयवर्क्स हा मित्र मात्र राहिला. दोघांनीं मिकी नांवाचा उंदीर निर्माण केला. पहिल्या दोन मूकपटांस वितरक मिळेना. तिसऱ्यास ध्वनीची जोड देतांना पहिलें मुद्रण फसलें; तेव्हां डिस्नेनें स्वतःची मोटार विकून पैसा उभा केला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजीं न्यूयॉर्कांत ‘स्टीमबोट विली’ झळकला व मिकी विख्यात झाला.

१५ डिसेंबर १९६६ रोजीं डिस्ने निवर्तला. २००६ सालीं तो ससाहि त्याच्या कंपनीकडे परत आला. विद्यार्थिमित्रहो, सही करण्यापूर्वीं करार नीट वाचावा, हा बोध तर उघडच आहे. परंतु गेलेल्याचा शोक न करितां कोरा कागद पुढें ओढावा, हा बोध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.